रेघ दिसत न्हाई

माझा भाऊ संघपाल बेपत्ता झाला त्या दिवशी मी नांदेडला दवाखान्यात ड्युटीवर होते. बायकांच्या वॉर्डात एका म्हातारीच्या हाताला शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा सुई लावताना खिशातला फोन थरथरायला लागला. मी घेतला नाही. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. शेवटी म्हातारीच म्हणाली, "घे की माय. कुनाचं तरी लईच आडलेलं दिसून राहिलं."

फोन सिद्धेश्वरचा होता. शिरूर अनंतपाळला आमच्या घराला लागूनच त्याचं ऑनलाइन केंद्र आहे. सातबारा, दाखले, आधार, सगळं तो काढून देतो.

"अक्का, घरी ये," तो म्हणाला. "हवाई दलाची गाडी आलीय. दोन सायब हायती."

"संघूला काय झालं?"

"विमान सापडंना म्हून सांगाय लागलेत. समुद्रावर गेलतं. सकाळधरनं सापडंना."

मी नर्स आहे. नऊ वर्षं वॉर्डात काढलीत. माणूस गेल्याची बातमी नातेवाइकांना कशी टप्प्याटप्प्यानं सांगतात, ते मला पाठ आहे. मी स्वतः कितीदा तरी तशी सांगितली आहे. तरीही 'सापडंना' हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. नांदेडहून अहमदपूर, तिथून चाकूर, मग नळेगाववरून शिरूर. एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून मी तेवढंच म्हणत होते, सापडंना म्हणजे सापडू शकतं.

आणि त्या शब्दाच्या खाली दुसरी एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. आठ दिवसांपूर्वी संघूचा मला फोन आला होता.

संघू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आमचे आबा, रामकिशन सोनकांबळे, निलंगा आगारात एसटीचे मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी ते संघूला आगारात घेऊन जायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. आतला आवाज स्पष्ट ऐकू येतो. दहा वर्षांचा असताना संघूनं एकदा तसं ऐकून, "आबा, तिसऱ्या शिलिंडरमधी कायतरी खडखडून राहिलं," असं सांगितलं होतं आणि ते खरं निघालं होतं. आबांनी ही गोष्ट तालुक्यात कुणाला सांगायची बाकी ठेवली नाही.

शाळेतल्या अण्णाराव गुरुजींनी त्याला सैन्याच्या परीक्षेची माहिती दिली. पहिल्यांदा तो नापास झाला. तेव्हा त्यानं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पळायला गेला. दुसऱ्यांदा पास झाला. खडकवासल्याची तीन वर्षं, मग विमान शिकण्याची. हैदराबादजवळच्या अकादमीत त्याचा दीक्षांत सोहळा झाला, तेव्हा आबा, माय आणि मी, तिघंही गेलो होतो. तिथं एक पद्धत आहे. नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरची पट्टी कागदानं झाकलेली असते, तो कागद आईबापांनी काढायचा. मायच्या बोटांना तो निघेना. संघू गुडघ्यात वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "वढ माय, फाटत न्हाई ते." शेजारच्या रांगेत अनस होता, त्याचा जिवलग मित्र, हैदराबादचाच. त्याच्या घरच्यांनी, सलीमभाई आणि कमरुन्निसाचाचींनी, आम्हाला आपल्या घरी जेवायला नेलं. माय आणि कमरुन्निसाचाची एकमेकींना आपापल्या लेकाच्या मिशीवरून चिडवत बसल्या होत्या. दोघांनीही नवीनच मिशा वाढवल्या होत्या आणि दोघांनाही त्या शोभत नव्हत्या.

त्यानंतर वर्षभरानं सीमेवर लढाई पेटली. संघू तेव्हा, अनसबरोबरच, पूर्व किनाऱ्यावरच्या एका तळावर लढाऊ विमानाचं पुढचं शिक्षण घेत होता. आघाडीवर वैमानिक लागणार म्हणून शिकणाऱ्या पोरांचा सहा महिन्यांचा अभ्यास तीन महिन्यांत बसवला होता. दिवसाला एकाच्या जागी दोन उड्डाणं. आबा सकाळपासून टीव्हीसमोर बसायचे आणि माय त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

आठ दिवसांपूर्वीच्या त्या फोनवर संघूनं मला विचारलं, "अक्का, एक इचारू? घरी सांगू नको."

"बोल."

"समुद्रावर धुरकट हवा असली न, की वरचं आन् खालचं एकच दिसतंय. मधली रेघच दिसत न्हाई. परवा मला वाटून राहिलं, मी सरळ चाललोय. आन् काटे बघतो तर विमान एका अंगाला पार कललेलं. लई भ्यालो मी. आता वर जाताना पोटात गोळा येतोय. डॉक्टरला सांगू का?"

"सांगितलं तर काय होईल?"

"खाली बसवतील काही दिवस. तपासण्या होतील. ही बॅच निघून जाईल. आन् लोक काय म्हनतील? लढाई लागली तवा सोनकांबळ्याचं पोरगं भ्यालं."

एखाद्या पेशंटनं मला असं काही सांगितलं असतं तर मी त्याला हाताला धरून डॉक्टरसमोर उभं केलं असतं. पण भावाला मी म्हणाले, "थोडे दिवस काढ, संघू. सवय होईल. इतकं वर चढून आलास, आता कामून मागं फिरतोस?"

तो "हाव" म्हणाला आणि मायच्या गुडघ्याचं विचारलं.

एसटीतून उतरून मी घरी पोचले तेव्हा दोन्ही अधिकारी ओसरीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. समोर चहा तसाच होता. आबा त्यांच्यासमोर उभे होते आणि आपल्या मोडक्या हिंदीत एकामागून एक विचारत होते. इंजिन बंद पडलं का? आग दिसली का? तेल संपलं का? कंट्रोल अडकला का?

मोठ्या अधिकाऱ्यानं शांतपणे सांगितलं ते असं. सकाळी दहाच्या सुमारास दोन विमानं समुद्रावर सरावाला गेली. पुढचं प्रशिक्षकाचं, मागचं संघपालचं. दोघंही आपापल्या विमानात एकटे. पुढच्यानं डावीकडं वळण घेतलं. वळण पूर्ण करून मागं पाहिलं, तर संघपाल जागेवर नव्हता. रेडिओवर त्याचा शब्द आला नाही. पॅराशूटनं उडी मारली की आपोआप येणारा संदेशही आला नाही. जहाजं शोधत आहेत.

"त्याला पवायला येतंय," माय म्हणाली. एवढा वेळ ती दाराच्या चौकटीला धरून बसली होती. "सायब, तुमी त्या जहाजवाल्याला सांगा. पवायला येतंय त्याला. तळ्यात एका दमात पल्याड जायचा."

लहान अधिकाऱ्याला मराठी कळत होतं. त्यानं मान खाली घातली.

नऊ दिवस शोध चालला. रोज सकाळी आणि संध्याकाळी तळावरून फोन यायचा आणि सिद्धेश्वर स्पीकर लावून आबांसमोर धरायचा. चौथ्या दिवशी पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्याचं कळलं. सहाव्या दिवशी इंधनाच्या टाकीचा एक तुकडा सापडला. संघू सापडला नाही. त्याचा बूट नाही, हेल्मेट नाही. दहाव्या दिवशी फोनऐवजी अधिकारी स्वतः आले आणि शोध थांबवल्याचं सांगून गेले. जाताना दोघांनीही मायच्या पायांना हात लावला. तिनं पाय मागं ओढून घेतले.

आबांनी त्या टाकीच्या तुकड्याचा फोटो मागून घेतला होता. सिद्धेश्वरनं तो मोठा करून छापून दिला. आबा चष्मा लावून तासन् तास तो बघत बसायचे. "हे बघ कसं दुमडलंय," ते मला म्हणाले. "लई जोरात आपटल्याबगर असा पत्रा दुमडत न्हाई. खाली येताना इंजिन चालू असणार. मग कंट्रोलच गेला असंल. केबल तुटली असंल." चाळीस वर्षं त्यांच्यासमोर जी गाडी बंद पडून आली, तिचं बॉनेट उघडून त्यांनी दोष शोधला होता. इथं उघडायला काहीच नव्हतं.

समाजातली वडीलधारी माणसं जलदान विधीचं विचारायला आली. आमच्यात माणूस गेल्यावर तो विधी करतात, भंतेजी येतात, पाणी ओतून पुण्यानुमोदन होतं. गुणाबाई आत्या मायजवळ बसून हळूच म्हणाल्या, "कोंडाबाई, तारीख धरावी लागंल आता."

माय म्हणाली, "पान्यातच हाय की लेकरू. आनखी त्याला पानी कशाला देताव?"

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात लढाई थांबली. बसस्टँडसमोर फटाके वाजले. शाळेच्या मैदानावर संघूची शोकसभा झाली, मोठमोठी माणसं बोलून गेली, चौकात त्याचा गणवेशातला फोटो आणि वर 'शहीद' लिहिलेलं फ्लेक्स लागलं. महिन्याभरानं ते उन्हानं पांढरं पडलं. एका सकाळी आबा दाढी करायला दुकानात गेले आणि अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन घरी आले. खुर्चीवर बसलेले असताना मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं होतं, "शहीद कसला? लढाईत कुठं गेलं ते? शिकताना गेलं." आबांनी गळ्याचं फडकं काढून टेबलावर ठेवलं आणि उठून आले. उरलेली दाढी त्यांनी अंगणात आरशासमोर स्वतः केली. हनुवटीवर दोनदा कापलं.

चार महिन्यांनी चौकशीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. सिद्धेश्वरनं ते आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं सांगितलं. विमानात कोणताही बिघाड असल्याचा पुरावा मिळाला नाही. धुरकट हवेत वैमानिकाला दिशाभ्रम झाला असावा.

"दिशाभ्रम म्हंजी?" आबांनी विचारलं.

"म्हंजी..." सिद्धेश्वर अडखळला. "वर कोनतं, खाली कोनतं, ते कळलं न्हाई."

"माझ्या पोराला वर-खाली कळत न्हवतं?"

सिद्धेश्वरनं पत्राची घडी घातली.

आबांनी त्या दिवसापासून पत्रं पाठवायला सुरुवात केली. बिघाड असल्याशिवाय गाडी खाली जात नाही, हे त्यांचं एकच म्हणणं. केबल तपासली का, हायड्रॉलिकचं तेल तपासलं का, मागच्या वेळी ते विमान कुणी दुरुस्त केलं, त्याचं नाव काय. पहिल्या दोन पत्रांना नम्र उत्तरं आली. तिसरं पत्र त्यांनी मला लिहायला बसवलं. ते फेऱ्या मारत सांगत होते, मी लिहीत होते.

"लिही," ते म्हणाले, "माझा मुलगा संघपाल लहानपणापासून धीट होता. तो कधीही घाबरला नाही. त्यामुळे त्याची चूक झाली हे मला मान्य नाही."

'तो कधीही' इथं माझा हात थांबला.

"लिही की."

"आबा," मी म्हणाले, "तो भ्याला होता."

मग मी सगळं सांगितलं. त्यानं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, शब्द न् शब्द. आबा फेऱ्या मारायचे थांबले. माय चुलीपुढं बसलेली होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहून गेली.

"तू नर्स हाईस न?" आबा म्हणाले.

एवढंच. चपला घालून ते बाहेर गेले.

त्यानंतर अडीच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी दर पंधरा दिवसांनी नांदेडहून यायचे. मी ओसरीत आले की ते उठून समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसायचे. जेवायला वाढलं तर जेवायचे, पण ताटाकडं बघून. माय आमच्यामध्ये निरोप पोचवायची. "आबाच्या गोळ्या संपल्यात म्हनतेत." "लुंबिनी उद्या जानार हाय म्हनती." तिनं स्वतः मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि एका शब्दानं माझी समजूतही घातली नाही. नांदेडला मी एकटीच्या खोलीत राहते. ड्युटीवर असले की बरं असायचं. पेशंट भीती वाटते म्हणाला की मी कामात असले तरी थांबायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि सगळं ऐकून घ्यायचे. बरोबरच्या नर्सेस म्हणायच्या, लुंबिनी सिस्टर आता लई मऊ झाली.

जानेवारीत अनस आला. सुट्टीवर होता. बिदरमार्गे स्वतः गाडी चालवत आला, मागच्या सीटवर संघूची लोखंडी पेटी होती. मिशी काढून टाकलेली होती, म्हणून मायनं त्याला आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

पेटी ओसरीत ठेवली. मायनं ती उघडू दिली नाही. "राहू द्या," म्हणाली, "मी माझी उघडीन."

आबा अनसच्या समोर बसले. अनस आपल्या हैदराबादी बोलीत बोलत होता आणि आबांना ती घरच्यासारखीच कळत होती.

"बेटा," आबा म्हणाले, "तू मला खरं सांग. केबल तुटली का न्हाई?"

"नहीं चाचा, केबल नहीं टूटी," अनस म्हणाला. "मशीन अच्छी थी. मैं खुद उसी मशीन पे एक दिन पहले उड़ा."

"मग त्याला वर-खाली कसं कळलं न्हाई? येडा होता का माझा पोरगा?"

अनसनं इकडंतिकडं पाहिलं. मग त्यानं मला विचारलं, घरात फिरणारी खुर्ची आहे का? मी सिद्धेश्वरच्या केंद्रातली खुर्ची आणली. चाकांची, गोल फिरणारी. अनसनं ती अंगणात सपाट जागी ठेवली आणि आबांना बसवलं.

"आँखां बंद करो, चाचा. अंगूठे से बताते रहो, किधर घूम रहे."

आबांनी डोळे मिटले. अनस खुर्ची एकाच संथ वेगानं उजवीकडं फिरवू लागला. आबांचा अंगठा उजवीकडं झाला. चार-पाच फेऱ्या झाल्या. मग अंगठा हळूहळू सरळ झाला.

"थांबलास का रे?" आबांनी विचारलं.

खुर्ची तशीच, त्याच वेगानं फिरत होती. अनसनं अजून पाच-सहा फेऱ्या दिल्या आणि मग खुर्ची हातानं धरून थांबवली. लगेच आबांचा अंगठा झपकन डावीकडं गेला. खुर्ची जागच्या जागी उभी होती आणि आबा एका बाजूला झुकून दोन्ही हातांनी ती घट्ट धरू लागले.

"उलटं कामून फिरवून राहिलास? पडंल की मी!"

"आँखां खोलो, चाचा."

आबांनी डोळे उघडले. अनसचे दोन्ही हात वर होते. खुर्ची हलत नव्हती. आबांनी खाली जमिनीकडं पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडं, मग पुन्हा जमिनीकडं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मी जागच्या जागीच हाय?"

"हौ. कुर्सी कब की रुक गई. और पहले आप बोले रुक गया, तब आप घूमते थे. आप पागल हैं क्या, चाचा?" अनसचा आवाज फाटला. "कान के अंदर ऐसाच है आदमी के. सबके. बाहर कुछ दिखे तो आँख सँभाल लेती. उस दिन कुछ नहीं दिखता था. ऊपर सफेद, नीचे सफेद. उसका बदन बोला होगा, सीधा चल रहे तू. वो बदन की सुना."

आबांनी खुर्चीत बसूनच विचारलं, "किती टाइम भेटला आसंल त्याला?"

"मुड़ने से पानी तक... हिसाब लगाया उन लोगां. ग्यारह सेकंद."

"अकरा," आबा म्हणाले. ते मोजत नव्हते, नुसतं म्हणत होते. "कळलं आसंल का त्याला?"

"मालूम नहीं, चाचा. झूठ नहीं बोलूँगा आपसे."

मायनं त्याला जेवू घातलं. तो निघाला तेव्हा मी त्याच्या गाडीपर्यंत गेले. मला विचारायचंच होतं. संघूनं डॉक्टरांना सांगितलं होतं का, भीतीचं?

अनसचा हात गाडीच्या दारावर होता, तो तिथंच राहिला.

"नहीं सिस्टर. डॉक्टर को नहीं बोला. मेरेकू बोला था." तो माझ्याकडं बघत नव्हता. "उस आखरी उड़ान से दो दिन पहले. मैं बोला, होता यार सबको, पंद्रा दिन निकाल ले, फिर साथ में पोस्टिंग लेंगे. हँस के बोला मैं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पेटी का तो बहाना है. चाची से माफी माँगने आया था. इतनी देर बैठा, मुँह से निकलीच नहीं बात."

जवळजवळ माझंच वाक्य दुसऱ्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, आणि ते ऐकून मला हलकं वाटलं नाही. उलट संघू दोन दारं वाजवून परत फिरलेला मला दिसला.

मागं चपलांचा आवाज झाला. आबा होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. ते अनसजवळ आले आणि त्याच्या दंडाला धरलं.

"तू अजून उडतूस?"

"हौ, चाचा."

"भ्या वाटतंय?"

अनसनं होकारार्थी मान हलवली.

"मग सांगत जा," आबा म्हणाले. ते त्याचा दंड हलवत होते, मोठ्यानं बोलत होते, रस्त्यावरचे लोक बघायला लागले. "डॉक्टरला सांग, सायबाला सांग. खाली बसवलं तर बस. कुनी हसलं तर हसू दे. कुनी ऐकलं न्हाई तर मला फोन कर, मी येतो तिथं. पन सांग. काय?"

"हौ, चाचा," अनस म्हणाला, आणि मग त्या उंच, धिप्पाड पोरानं आबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

आबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "लुंबिनी, त्याला कारळाची चटणी बांधून दे. वाटंला लागंल."

अडीच महिन्यांनी त्यांनी माझं नाव घेतलं होतं. मी आत गेले. डबा भरताना चटणी फरशीवर सांडली. मायनं ती गोळा केली आणि दुसरी दिली.

आबांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही. टाकीच्या तुकड्याचा फोटो कपाटात गेला. ते माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. मध्येच थांबतात आणि वेगळंच बोलतात. मी समजून घेते. मी त्यांच्या जागी असते तर तेवढंही बोलले नसते.

माघ पौर्णिमेला जलदान विधी झाला. तारीख कुणी धरली, मला माहीत नाही. माय हो म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही. विधी चालू असताना ती पेटीजवळ बसून होती. पेटी तिनं तोवर उघडली होती का, तेही तिनं कधी सांगितलं नाही.

मार्चमध्ये मृत्यूचा दाखला हातात आला. त्यानंतर एके दिवशी रेशनकार्डावरचं संघूचं नाव कमी करायला आम्ही तिघं सिद्धेश्वरच्या केंद्रात गेलो. घरातल्या बाईच्या नावावर कार्ड असतं, म्हणून माय लागत होती. सिद्धेश्वरनं अर्ज उघडला, संघूचं नाव निवडलं आणि पुढच्या रकान्यावर थांबला.

"कारण टाकावं लागतंय," तो हळूच म्हणाला.

"काय काय हाय त्याच्यात?" मायनं विचारलं.

"लग्न. स्थलांतर. आन् मृत्यू."

माय स्क्रीनकडं वाकली. तिला सावकाश वाचता येतं. तिनं तिन्ही शब्द बोट फिरवत वाचले.

"स्थलांतर टाक," ती म्हणाली.

सिद्धेश्वरनं आबांकडं पाहिलं. आबा मायच्या शेजारी बाकावर बसले.

"तसं न्हाई गं टाकता येत," ते म्हणाले. "दाखला जोडायचाय त्याला."

"कुनाचं काय जातंय?"

"कुनाचं काय जात न्हाई. पन तसं न्हाई ते."

बाहेर रांगेत दोन-तीन माणसं उभी होती. त्यांच्यातल्या कुणीही घाई केली नाही. पंखा घरघरत होता. मायनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "टाका काय टाकायचं ते."

सिद्धेश्वरचा हात माऊसवर होता, पण तो हलेना. लहानपणी शाळेत तो आणि संघू एकाच बाकावर बसायचे. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, त्याच्या जागी उभी राहिले आणि 'मृत्यू' शब्दावर बाण नेऊन बटण दाबलं. मग मायचा अंगठा मशीनवर ठेवला. पहिल्यांदा ठसा उमटला नाही. दुसऱ्यांदा तिनं स्वतःच जोर देऊन दाबला.